सामाईक वाहनतळावरील विजेचा खांब

इंदूरच्या पलासिया भागात सायंकाळी सहाच्या सुमारास गाडी उभी करावयास जागा शोधणे म्हणजे धीराची कसोटी होय, हे तेथे नित्य जाणाऱ्या कोणासही सांगावयास नको. एकीकडे आग्रा-मुंबई रस्ता वाहतो आहे, दुसरीकडे छप्पन दुकानाकडे निघालेल्या खवय्यांची रीघ लागली आहे, आणि मधल्या गल्ल्यांतून, आपण इंदूरकर ज्यांना ‘मल्टी’ म्हणतो, त्या बहुमजली इमारती उभ्या आहेत. खाली दुकाने, पहिल्या मजल्यावर दवाखाना, त्यावर शिकवणीचे वर्ग, त्याच्याही वर वकिलांची आणि हिशेबनिसांची कार्यालये. आणि या सर्वांचा मिळून एकच वाहनतळ. २०२० साली छप्पन दुकानाचा रस्ता वाहनांस बंद करून पायी चालणारांस मोकळा करण्यात आला. तेव्हापासून आसपासच्या प्रत्येक वाहनतळाचे मोल साहजिकच वाढले.

या सामाईक जागेत आता विजेच्या गाडीचे आगमन झाले आहे. दवाखान्याच्या डॉक्टरांनी विजेची मोटार घेतली, दुसऱ्या मजल्यावरच्या चार मुलींनी विजेच्या स्कूटी घेतल्या, आणि खाली जेवणाचे डबे पोचविणारी मुले विजेच्याच दुचाकीवरून येऊ लागली. मग गाळेधारकांच्या बैठकीत विषय निघतो की, आपल्या वाहनतळावर एक चार्जर बसवावा. ठराव एकमताने होतो. मतभेद होतो तो पुढच्या प्रश्नावर. कोणता बसवावा, कोठे बसवावा, आणि त्याचे पैसे कोणी द्यावेत? आज मला आपल्याशी याच विषयावर थोडे बोलावयाचे आहे; आणि त्यातही विशेषेकरून जमिनीवर स्वतंत्र उभ्या राहणाऱ्या, म्हणजे खांबासारख्या चार्जरविषयी.

विषय यंत्राचा दिसतो खरा. पण त्यात बरेच काही गुंतलेले आहे. असा खांब एकदा बसला की तो आठदहा वर्षे तेथून हलत नाही. त्यासाठी खर्ची पडणारा पैसा एकाचा नसतो, सर्वांचा असतो. निवड चुकली तर दोन गोष्टी घडतात. महागडे यंत्र धूळ खात उभे राहते. आणि ज्यांना वीज हवीच असते, ते खिडकीतून लोंबणारी वायर आणि तीन-तीन प्लगांचा जोडबोर्ड घेऊन आपला मार्ग शोधतात. कोंदट तळघरात अशी एखादी वायर रात्रभर तापत राहिली, तर काय अनर्थ ओढवेल याची कल्पना करवत नाही. म्हणून खरेदीच्या आधी विचार करणे, हे येथे केवळ काटकसरीचे लक्षण नसून सुरक्षिततेचेही आहे.

सर्वप्रथम एक समजूत मनातून काढून टाकावयास हवी. चार्जर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पेट्रोल पंप उभा राहतो. पंपावर आपण पाच मिनिटे थांबतो, टाकी भरतो आणि निघतो. म्हणून पंप जितका वेगवान, तितका चांगला. वाहनतळावर याच्या उलट असते. तेथे गाडी उभी राहते ती विजेसाठी नव्हे. मालक आपल्या कामात असतो आणि गाडी त्याची वाट पाहत असते. ही वाट पाहण्याची वेळ हीच आपली भांडवली ठेव होय. तेव्हा यंत्राचे माहितीपत्रक हाती घेण्यापूर्वी मंडळाने एक साधे काम करावे. एक आठवडाभर वही घेऊन, कोणती गाडी किती वाजता येते आणि किती वाजता जाते, एवढेच लिहून काढावे. ही वही कोणत्याही विक्रेत्यापेक्षा अधिक शहाणा सल्ला देईल.

आता थोडा हिशेब करू. विजेचे एक युनिट म्हणजे एक किलोवॅट शक्ती तासभर वापरणे. सर्वसाधारण विजेची मोटार एका युनिटात सहा-सात किलोमीटर जाते असे धरून चालू. शहरात दिवसाकाठी ४० किलोमीटर हिंडणाऱ्या माणसाला, म्हणजे, रोज सहा-सात युनिटे पुरतात. अगदी साधा, ३.३ किलोवॅटचा चार्जर एवढी वीज दोन तासांत देतो. सकाळी दहा ते सायंकाळी सहा उभ्या असणाऱ्या कार्यालयातील गाडीला तोच साधा चार्जर आठ तासांत २६ युनिटे देईल. ती दीडशे किलोमीटरांहून अधिक अंतरास पुरतील. इंदूरहून उज्जैनला जाऊन परत यावयास हे भरपूर आहे. उलट, छप्पन दुकानावर चाळीस मिनिटे खाऊन परतणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याच चार्जरवर दोन-सव्वादोन युनिटे, म्हणजे जेमतेम चौदा किलोमीटर मिळतील. ७.४ किलोवॅटच्या चार्जरवर त्याला सुमारे पाच युनिटे, म्हणजे तीसएक किलोमीटर मिळतील. आणि ३० किलोवॅटच्या जलद चार्जरवर वीस युनिटे, म्हणजे सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास. तेव्हा ‘चांगला चार्जर कोणता?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आपल्या वाहनतळावर आठ तासांची माणसे अधिक आहेत की चाळीस मिनिटांची, यावर ते अवलंबून आहे.

येथे जलद आणि मंद चार्जरांतील भेद समजून घेणे अगत्याचे आहे. आपल्या घरी येणारी वीज प्रत्यावर्ती, म्हणजे एसी असते. बॅटरीत साठते ती एकदिश, म्हणजे डीसी. कोठे तरी एकीचे रूपांतर दुसरीत व्हावयास हवे. हे रूपांतर कोठे करावयाचे, एवढाच भेद आहे. मुंबईच्या लोकलचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे चटकन उमगेल. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेची पहिली गाडी धावली, ती १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर. त्या काळी रूपांतराची यंत्रे रुळांलगतच्या उपकेंद्रांत बसवीत आणि तयार एकदिश वीज तारेतून गाडीला देत. पुढे गाड्यांच्या पोटातच रूपांतराची यंत्रे मावू लागली, आणि २०१६ पर्यंत मध्य रेल्वेचे उपनगरी मार्ग २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेवर गेले. मोटारीचेही तसेच आहे. एसी चार्जर गाडीला घरचीच वीज देतो आणि गाडीच्या पोटातील यंत्र तिचे रूपांतर करते. म्हणून तो खांब सुटसुटीत आणि स्वस्त असतो. डीसी चार्जर हे काम स्वतः करतो. म्हणून तो मोठा, महाग, पंख्याचा आवाज करणारा आणि भरपूर विजेची मागणी करणारा असतो.

यातूनच एक व्यावहारिक सूचना निघते. एसी चार्जर कितीही मोठा घेतला, तरी गाडीच्या पोटातील यंत्र झेपेल तेवढीच वीज घेते. आपल्याकडील अनेक मोटारींत ते यंत्र ३.३ किंवा ७.२ किलोवॅटचे असते. अशा गाडीपुढे २२ किलोवॅटचा एसी खांब उभा करणे म्हणजे लहान तोंडाच्या लोट्यात बंबाच्या नळाने पाणी ओतण्यासारखे आहे. लोटा आपल्या गतीनेच भरणार. बंबाचे भाडे मात्र आपल्याला पडणार. म्हणून कार्यालये आणि दवाखाने असलेल्या मल्टीला ७.४ किलोवॅटचे, दोन तोंडांचे एसी खांब बहुधा पुरेसे ठरतात. गिऱ्हाइकांची ये-जा फार असेल, मंजूर भारात जागा असेल आणि मंडळाची ऐपत असेल, तर त्यांच्या जोडीला एखादा डीसी चार्जर रस्त्याच्या बाजूस द्यावा. मोटारींसाठी एसीला टाइप-२ आणि डीसीला सीसीएस-२ ही जोडणी आज आपल्या देशात सर्वत्र रूढ आहे. आणि भारतीय मानक ब्यूरोची आयएस १७०१७ ही मानकमालिका या यंत्रांना लागू आहे. तिचा दाखला मागितल्यावाचून यंत्र घेऊ नये.

भिंतीवर टांगण्याचा चार्जर सोडून खांबाचा का घ्यावा, असे कोणी विचारील. भिंत जवळ असेल आणि ती सर्वांच्या मालकीची असेल, तर भिंतीवरचाच घ्यावा. त्यात पाया खणण्याचा खर्च वाचतो. परंतु सामाईक वाहनतळात बऱ्याचदा भिंत असते ती कोणा एकाच्या गाळ्याची, आणि गाड्या उभ्या असतात त्या मधोमध. खांब दोन ओळींच्या मध्ये उभा करता येतो. त्याला दोन तोंडे असली तर दोन गाड्यांची सोय होते, आणि जागा नीट आखली तर समोरासमोरच्या चार जागांपैकी कोणत्याही दोहोंपर्यंत त्याची केबल पोचते. शिवाय तो कोणाच्याही गाळ्याचा नसतो. सामाईक वस्तू सामाईक जागीच उभी असावी, म्हणजे पुढे हक्काचा वाद निघत नाही.

जागा निवडताना गाडीचे तोंड कोठे आहे, हेही पाहावे लागते. एमजीची झेडएस आणि ह्युंदाईची कोना या गाड्यांना वीज नाकाशी, पुढच्या बाजूने द्यावी लागते. टाटांच्या नेक्सॉनला मागच्या अंगाने. म्हणून केबल निदान पाच मीटरांची असावी आणि ती जमिनीवर लोळू नये, यासाठी खांबावर तिला गुंडाळण्याची सोय असावी. अंधारात पायात केबल अडकून दवाखान्यात आलेली एखादी आजीबाई पडली, तर त्या यंत्राची सगळी कीर्ती तेथेच संपली. अपंगांसाठी राखलेल्या जागांपैकी एका जागेपर्यंत तरी केबल पोचावी आणि तिचा हात चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्याही टप्प्यात असावा, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली तर खर्चात काडीचाही फरक पडत नाही. मागाहून घेतली तर सगळा पाया उखडावा लागतो.

खांब उघड्यावर उभा राहणार, तेव्हा माळव्याचा पावसाळा आणि माणसांचा धसमुसळेपणा, दोन्ही त्याने सोसावयास हवेत. यासाठी माहितीपत्रकात दोन खुणा पाहाव्यात. आयपी या अक्षरांपुढील पहिला अंक धुळीपासूनचे आणि दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण सांगतो. आयपी ५४ म्हणजे धुळीपासून पुरेसे आणि उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण. आयपी ६५ म्हणजे धूळ मुळीच आत न जाणे आणि नळीच्या फवाऱ्यासही दाद न देणे. छपराखाली पहिला चालेल, उघड्यावर दुसरा बरा. आयके ही दुसरी खूण धक्क्याची. आयके १० म्हणजे पाच किलोचे वजन ४० सेंटिमीटरांवरून आदळले तरी पेटी न फुटणे. तरीही मागे येणाऱ्या मोटारीपुढे कोणतीही पेटी टिकत नाही. म्हणून खांबापुढे चाक अडविणारा ठोकळा किंवा दोन लोखंडी खुंट रोवावेतच. पाया काँक्रीटचा, आसपासच्या जमिनीहून उंच, आणि जेथे पावसाचे पाणी साचते तेथे मुळीच नको. तळघर आणि उघडी जागा दोन्ही उपलब्ध असतील, तर माझे मत निःसंशय उघड्या जागेच्या बाजूने पडेल. तळघरात पाणी शिरते, धूर अडतो, आणि अग्निशामक दलाच्या जवानांस पोचणे कठीण जाते.

आता विजेच्या जोडणीकडे वळू. येथे पुष्कळ मंडळे एका आकड्याला घाबरून माघार घेतात. केंद्र सरकारने २०१९ साली आदर्श इमारत उपविधींत केलेल्या दुरुस्तीत, वाहनतळाच्या क्षमतेच्या २० टक्के जागांवर चार्जिंगची सोय असावी असे सुचविले आहे. समजा, आपल्या मल्टीत ४० मोटारींची जागा आहे. म्हणजे आठ जागा झाल्या. आठ जागांना ७.४ किलोवॅटप्रमाणे ५९ किलोवॅट लागणार, असा हिशेब मांडला की सभासदांच्या पोटात गोळा येतो. तथापि हा हिशेब अपुरा आहे. आठही गाड्या एकाच वेळी पूर्ण वेगाने वीज ओढतील, असे तो गृहीत धरतो. भार वाटून देणारे चार्जर घेतले, तर त्यांना सांगता येते की, सर्वांनी मिळून २२ किलोवॅटच्या वर जावयाचे नाही. एकच गाडी असेल तेव्हा तिला पूर्ण वेग मिळतो. आठ असतील तेव्हा सर्वांना थोडे थोडे. २२ किलोवॅट आठ तास चालले तरी १७६ युनिटे होतात, म्हणजे प्रत्येक गाडीला २२ युनिटे, आणि तेवढ्यात ती सव्वाशे किलोमीटरांहून अधिक जाते. शहरात कोणाला रोज एवढे लागते? तेव्हा मोठी जोडणी घेण्याआधी, भार वाटणारे यंत्र घ्यावे. पंगतीत वाढपी शहाणा असला की थोडक्या अन्नातही सर्वांचे पोट भरते.

तिन्ही फेजवर भार सारखा विभागणे, हे वायरमनचे काम. पण ते झाले की नाही हे विचारणे आपले काम. तसेच मीटरपासून खांबापर्यंतच्या अंतराकडेही लक्ष असावे. खांब साठ मीटर दूर असेल आणि ३२ अँपिअरचा प्रवाह ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून नेला, तर वाटेतच सुमारे १२ व्होल्ट खर्ची पडतात; १० चौरस मिलिमीटरची तार घेतली तर सातच्या आसपास. बारीक तारेत वाचविलेला पैसा पुढे वर्षानुवर्षे उष्णतेच्या रूपाने जात राहतो. जमीन एकदाच खणावयाची आहे, म्हणून पुढील खांबांसाठीची रिकामी नळीही त्याच चरात टाकून ठेवावी.

कायद्याची अडचण पुष्कळांना वाटते तेवढी नाही. वाहनाला वीज देणे म्हणजे विजेची विक्री नव्हे आणि त्यासाठी परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने १३ एप्रिल २०१८ रोजीच केला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांसंबंधीच्या नियमांत दुरुस्ती होऊन, चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क ग्राहकास मिळाला. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रालयाने चार्जिंग केंद्रांविषयी नवी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांत एक फार अर्थपूर्ण गोष्ट आहे. सकाळी ९ ते दुपारी ४ या सूर्याच्या वेळेत चार्जिंग केंद्राला मिळणाऱ्या विजेचा दर पुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्या ०.७ पट, आणि इतर वेळी १.३ पट असावा, अशी ती शिफारस ३१ मार्च २०२८ पर्यंतसाठी आहे. प्रत्यक्ष दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवितो. म्हणून पोलोग्राउंडवरील आपल्या पश्चिम क्षेत्र वीज कंपनीकडे चालू दरपत्रक मागावे आणि चार्जरांसाठी निराळे मीटर घ्यावे.

या शिफारशीमागील विचार ध्यानी घेण्याजोगा आहे. दुपारी सूर्याची वीज मुबलक असते, आणि घरांच्या वाहनतळांत गाड्या नसतात. त्या असतात पलासियासारख्या व्यापारी भागांत, कार्यालयांखाली. म्हणजे दिवसाची स्वस्त वीज जेथे खपावी, ते ठिकाण नेमके आपल्या मल्टीचा वाहनतळ होय. इंदूरकरांना सूर्य आणि वीज यांचे नाते नवे नाही. आपल्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी खरगोन जिल्ह्यातील जलूद येथून पंपांनी चढवून आणावे लागते आणि त्याला अपार वीज लागते. ते बिल हलके करण्यासाठी तेथे ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारावयाचा म्हणून, फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या महापालिकेने हरित रोखे काढून २४४ कोटी रुपये जमविले. शहराने जे मोठ्या प्रमाणावर केले, ते गच्चीवर सौर पट्ट्या बसवून मल्टीने लहान प्रमाणावर करावे, यात अशक्य असे काही नाही.

आता पैशाची गोष्ट. सामाईक कामे बहुधा हिच्याच खडकावर आपटून फुटतात. विजेचे बिल सर्व गाळेधारकांवर सारखे वाटणे हा सोपा मार्ग खरा, पण तो अन्यायाचा. ज्याच्याकडे सायकलही नाही अशा तळमजल्यावरील शिंप्याने डॉक्टरांच्या मोटारीचे पैसे का भरावेत? जो वीज घेईल त्याने युनिटामागे द्यावे. खांब बसविण्याचा खर्च मात्र इमारतीची किंमत वाढविणारा असल्याने सर्वांनी उचलावा, किंवा तोही युनिटाच्या दरात थोडा थोडा मिळवून वसूल करावा. यासाठी खांबात प्रमाणित मीटर असावा आणि प्रत्येक वापराची नोंद राहावी. पैसे देण्याची रीत एकापेक्षा अधिक असावी. नुसते मोबाइलवर चालणारे यंत्र तळघरात कुचकामी ठरते, कारण तेथे मोबाइलला रेंजच मिळत नाही. साधे कार्ड टेकवून चालू होणारे यंत्र तेथे बरे.

खरेदीच्या वेळी विक्रेत्यास आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा. हा चार्जर ओसीपीपी या खुल्या भाषेत बोलतो काय? चार्जर आणि हिशेब ठेवणारी यंत्रणा यांच्यातील संभाषणाची ही भाषा २००९ साली नेदरलँड्समध्ये आरंभली गेली, आणि आज ती जगभर रूढ आहे. जो चार्जर केवळ आपल्या कंपनीचीच बोली बोलतो, त्याची कंपनी उद्या बुडाली किंवा तिने वार्षिक शुल्क दुप्पट केले, तर खांब मुका होतो. खुली भाषा बोलणारा चार्जर दुसऱ्या कंपनीच्या हवाली करता येतो. धंद्यात उडी घेणाऱ्या कंपन्या पुष्कळ, टिकणाऱ्या थोड्या. अशा वेळी ही दक्षता शंभर आश्वासनांहून मोलाची आहे. देखभालीचा करार, सुटे भाग किती दिवसांत मिळतील आणि दुरुस्तीस माणूस इंदूरमधून येईल की दिल्लीहून, हेही लेखी घ्यावे.

सुरक्षिततेबाबत मात्र कसलीही काटछाट नको. प्रत्येक तोंडाला स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र ब्रेकर असावा. गळती ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर तर हवाच. पण विजेच्या गाडीतून एकदिश प्रवाहाची गळती झाली, तर ती साध्या ब्रेकरला आंधळे करते. म्हणून यंत्रात ६ मिलिअँपिअरची एकदिश गळती ओळखणारी योजना असावी, नाही तर टाइप-बी जातीचा ब्रेकर बसवावा. अर्थिंग मोजून घ्यावे आणि दर उन्हाळ्यात, माती कोरडी असताना, पुन्हा मोजावे. वीज तत्काळ तोडणारे लाल बटण वॉचमनच्या दृष्टीसमोर असावे, आणि ते कधी दाबावयाचे हे त्याला प्रत्यक्ष दाखवून शिकवावे. रात्री सारे घरी गेल्यावर त्या जागेची राखण तोच करतो. संकट आले तर पहिला धोका त्याच्याच जिवाला. ज्याच्या भरवशावर आपण निर्धास्त झोपतो, त्याला चार गोष्टी समजावून सांगण्याचा आपल्याला कंटाळा येऊ नये.

शेवटी, ज्यांना बैठकीत मत नसते त्यांच्याविषयी. आपल्या वाहनतळावर मोटारींपेक्षा दुचाकी कितीतरी अधिक असतात, आणि विजेच्या वाहनांतही त्यांचाच भरणा मोठा. बहुतेक स्कूटींच्या बॅटरीत दोन ते चार युनिटे मावतात. त्यांना खांबाच्या मोठ्या तोंडाची गरज नाही. खांबाच्या जवळच छपराखाली सोळा अँपिअरचे चार-सहा मजबूत औद्योगिक सॉकेट, प्रत्येकाला आपला ब्रेकर आणि मीटर, एवढी सोय केली की अल्प खर्चात पुष्कळ लोकांचे काम भागते. डबे पोचविणारा मुलगा दिवसभर आपल्याच दुकानांचे जिन्नस आपल्याच घरी नेतो. त्याने अर्धा तास, पैसे देऊन, वीज घेतली तर वाहनतळाची प्रतिष्ठा कमी होत नाही. त्याला हाकलून दिले तर तो कोठे तरी उघड्या वायरीला आपला प्लग जोडणार. तो धोका त्याच्या एकट्यापुरता राहत नाही. सोय ही सुरक्षिततेची पहिली पायरी आहे, हे येथे स्पष्ट दिसते.

याबरोबर थोडे नियमही हवेत. चार्जिंग संपल्यावर गाडी ठराविक वेळात हलवावी, न हलविल्यास आकार द्यावा. पेट्रोलच्या गाडीने ती जागा अडवू नये. दुसऱ्याची केबल काढू नये. नियम मोजके असावेत, खांबावर मराठी-हिंदीत लिहिलेले असावेत आणि अध्यक्षांच्या गाडीलाही लागू असावेत. हे इंदूरला जमणार नाही, असे कोणी म्हणू नये. ओला कचरा निराळा आणि सुका निराळा ठेवण्याची सवय येथील घराघरांनी लावून घेतली, आणि २०१७ पासून देशातील स्वच्छ शहरांत आपले नाव अग्रभागी राहिले. त्या वेळी गाडी दारी वेळेवर येत होती, म्हणून नियम पाळणे लोकांना शक्य झाले. व्यवस्था चोख असली की शिस्त तिच्या मागोमाग येते.

तेव्हा श्रोतेहो, आपल्या मल्टीची बैठक भरेल, तेव्हा यंत्राच्या चकचकीत चित्रांनी आरंभ करू नका. आधी आठवड्याची वही पाहा. मग जागा, मग विजेचा मंजूर भार, मग हिशेबाची रीत, आणि सर्वांत शेवटी यंत्र. या क्रमाने गेलात, तर खांब लहान निघेल पण कामाचा निघेल. आणि तो उभा राहील तेव्हा डॉक्टरांच्या मोटारीला, वरच्या मजल्यावरील मुलींच्या स्कूटींना आणि डबेवाल्या मुलाच्या दुचाकीला, प्रत्येकाला आपापल्या गरजेपुरती वीज, आपापल्या पैशाने आणि निर्धोकपणे मिळेल. सामाईक जागेवर उभ्या केलेल्या वस्तूकडून याहून अधिक अपेक्षा ती काय करावयाची?